सत्तावीस दिवसांची अंडी

हाउ नदीकाठच्या त्या गावातली निम्मी बदकं थोआच्या कणग्यांत जन्मलेली. सासूनं तिला अंडी उबवायला शिकवलं होतं: भाताचं तूस तापवायचं, कणगीत तूस आणि अंड्यांचे थर लावायचे, आणि मिटलेल्या पापणीला अंडं लावून ऊब बघायची. "पापणी खोटं बोलत नाही," म्हातारी म्हणायची.

देशातली लढाई संपल्यावर सरकारी केंद्रातून पांढरी बदकं आली. दोन महिन्यांत अंगानं भरणारी, अंड्यांना जोरदार. गावातली करडी जात मागे पडली. कापणी झालेल्या शेतांतून दोन-दोनशेचे कळप चरायचे, ते हजारांवर गेले. तालुक्याला विजेची उबवणी यंत्रं आली, तरी कळपवाले थोआकडेच येत.

मग एका वर्षी नववर्षाच्या सणाआधी तिच्या दिराची, लुकची बदकं माना पिळवटून गरगर फिरायला लागली. थोआच्या नवऱ्यानं, न्यिएमनं, भावाच्या मदतीला जाऊन त्यातली काही कापली आणि रीतीप्रमाणे कच्चं रक्त गोठवून खाल्लं. त्याला ताप चढला, श्वास लागला. नवव्या दिवशी दवाखान्यातच त्यानं प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, हा पाखरांचा रोग; पण तो कुणाच्या बदकांतून आला, ते घरच्यांनी सांगितलं नाही.

माती देऊन परतताना लुकनं तिला गाठलं.

"वहिनी, तोंड उघडू नका. उद्या उरलेली बदकं होडीत भरतो आणि पलीकडच्या तालुक्यात विकून मोकळा होतो."

"तुझ्या भावाची माती अजून ओली आहे, लुक."

"दादा तापानं गेला. बदकांनी कधी माणसं मेलीत होय? आणि सरकार आलं तर माझीच नेईल वाटतं? तुमच्या कणग्या काय देवघरात ठेवतील?"

 घरी येऊन थोआनं कणगीत हात घातला. अंडी सत्तावीस दिवसांची झाली होती, फुटायला एक-दोन दिवसच उरले होते. आतून बारीक चिवचिव येत होती.  तिनं चप्पल घातली आणि थेट गावच्या कचेरीत जाऊन लुकच्या बदकांची खबर दिली.

दुसऱ्या सकाळी सरकारी माणसं आली. लुकचा कळप पुरण्यासाठी पोत्यांत भरला गेला, मग सगळ्या गावाची बदकं. शेवटी पशुवैद्य बाई थोआच्या दारात आल्या.

"एक दिवस थांबा, बाई. उद्या टोच मारून बाहेर येतील."

"मावशी, उद्या मग पिल्लं पुरावी लागतील. ते बघवेल तुम्हाला?"

थोआनं कुणाला कणग्यांना हात लावू दिला नाही. स्वतः उचलून गावाबाहेर खणलेल्या खड्ड्याशी नेल्या.

"ओता, मावशी," एक जण म्हणाला.

तिनं ओतली नाहीत. खड्ड्यात उतरून एकेक अंडं हातानं ठेवलं. वर चुना पडेपर्यंत चिवचिव ऐकू येत होती.

गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. "आधी नवरा खाल्ला, मग गाव," बायका तिला ऐकू जाईल असं म्हणत. दोन वर्षांनी बदकं पाळण्यावरची बंदी उठली. आता लस टोचलेली, यंत्रातली पिल्लं यायची. लुकनं नवा कळप केला. तिच्या दारावरून होडी जाताना तो पाण्याकडे बघायचा. थोआ जलपर्णीच्या चटया विणून पोट भरू लागली.

आसपासच्या गावांत त्या तापानं पुन्हा कुणी दगावलं नाही. तसं तिला कुणी बोलून मात्र दाखवलं नाही.