आत्याचा कायदा

आत्याने दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढली होती. सुट्टीत भाचरं आली की गोळ्या-चॉकलेटांच्या पिशव्याही यायच्या. वहिनी म्हणायची, "सगळं कुलपात ठेवू या." त्यावर आत्या फणकारायची, "म्हणजे चोरून खातील आणि दिवसभर चघळत बसतील. दातांचं वाटोळं त्यानंच होतं!"

तिचा कायदा सोपा होता. जेवण झालं की बशीत गोळ्या घ्यायच्या, मनसोक्त खायच्या आणि लगेच खळखळून चूळ भरायची. रात्री दात घासायचे. मधल्या वेळात तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही.

यंदा धाकट्या भाचीने आत्याच्या पर्समधला दात तपासायचा छोटा आरसा लांबवला आणि घरातल्या एकेकाचे दात तपासले. शेवटी ती आत्यासमोर येऊन उभी राहिली.

"आ कर."

"चल, काहीतरीच!" आत्या म्हणाली, पण शब्द जरा बोबडे आले. भाचीने आरसा आत सरकवला. गालाच्या कोपऱ्यात घशाची गोळी होती. पेशंटना हाका मारून घसा बसतो म्हणून आत्या सकाळपासून ती गोळी चघळायची, तीही वर्षानुवर्षं. तिला ती कधी खाऊची गोळी वाटलीच नव्हती.

"मागची दाढ काळी पडलीय," भाची शांतपणे म्हणाली आणि तिने बशी पुढे केली. "टाक यात. जेवल्यावर खा हव्या तेवढ्या."

आत्याने गोळी बशीत टाकली आणि ती बेसिनकडे वळली.

"खळखळून भर हं," मागून आवाज आला.