रुद्राणीअक्काची तीनचाकी

सोलापूरच्या बाळीवेशीत कुणाकडे पाहुणे यायचे असले, की रुद्राणीअक्काला सांगावा जायचा, शेंगापोळ्या पाहिजेत. अक्का साठीला टेकली होती, तरी डबे स्वतःच पोचवायची. डबा देता देता उंबऱ्यात बसायचं, माणूस बघून मराठीत नाहीतर कन्नडमध्ये गप्पा हाणायच्या, यातच तिचा जीव रमायचा. पण गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, “चालणं कमी करा. सायकल चालवली तर चालेल.” ते व्यायामाच्या सायकलीबद्दल बोलत होते. अक्काने शब्द तेवढा उचलला.

दोन चाकांवर तोल सांभाळायचं काही तिचं धाडस नव्हतं. मग सून काव्याने मोबाइलवर मोठ्या माणसांची तीनचाकी शोधली. मोरपंखी रंग, मागे ऐसपैस टोपली, वर सेल लागलेला.

“या वयात सायकल? पेठ हसंल की,” मुलगा नंदीश म्हणाला.

“हसू दे की. माझं काय जातंय?”

पोळ्यांच्या कमाईतून अक्काने सगळे पैसे भरले. ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज आला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला खबर लागली. आठवडा उलटला. सायकल आली नाही, दुसरा मेसेज आला. माल शिल्लक नाही, ऑर्डर रद्द, पैसे परत मिळतील.

अक्का मटकन बसली. काव्याने पुन्हा तेच पान उघडलं, तर तीच सायकल, तोच रंग, भाव मात्र चढलेला. ती सासूला म्हणाली,

“अत्ती, माल आहे की! सेल संपला म्हणून आपली ऑर्डर उडवली.”

“पैसे येणार ना परत? मग सोडून द्या,” नंदीश म्हणाला.

“सोडू कशी? पोळ्या कबूल केल्या आणि सकाळी गूळ महागला म्हणून मी न्हाय म्हटलं, तर चालंल व्हय?”

काव्याने दोन्ही मेसेजचे आणि नव्या भावाचे स्क्रीनशॉट काढले, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावला. फोन अक्कानेच घेतला आणि गुडघ्यांपासून सुरुवात केली. पलीकडची मुलगी मराठीच बोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मावशी, पैसे परत मिळणं तर तुमचा हक्कच आहे. पण माल असताना नुसता भाव वाढवायला ऑर्डर रद्द केली असेल, तर तुम्ही जाबही विचारू शकता. तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते. उत्तर पटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. पुरावे जपून ठेवा.”

“जाईन की! पण चालत जावं लागंल, सायकल कुटं दिलीय त्यांनी?”

मुलगी खळखळून हसली आणि तक्रार क्रमांक दिला.

थोड्या दिवसांनी कंपनीचा माणूस फोनवर आला. आवाज लोण्यासारखा. “मॅडम, तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल एक कूपन देतो. तेवढी तक्रार मागे घ्या.”

“कूपनला चाकं हायत का?” अक्काने विचारलं.

तो पुन्हा कूपनचंच सांगू लागला.

“न्हायत ना? मग सायकल पाठवा, ठरल्या भावात. ती दारात आली की तक्रार मिटली. न्हायतर आयोग हितंच हाय, सोलापुरात.”

काव्याने तोंडाला पदर लावला. पुढच्या आठवड्यात त्याच माणसाचा फोन आला. विक्रेत्याची चूक झाली होती म्हणे, सायकल जुन्याच भावात निघाली आहे.

टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा बायका हातातली कामं टाकून धावल्या. नंदीशने न सांगता पाना काढला आणि चाकं जोडली. कुणी हळदकुंकू लावलं, कुणी नारळ फोडला. पहिल्या दिवशी तीनचाकी दोनदा गटाराकडे वळली, एकदा भाजीच्या गाडीला भिडली. पेठ हसली, खरंच हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने अक्का.

महिनाभरात ती शेळगीला बहिणीकडे जाऊन आली. काव्या सोबतीला स्कूटीवर होती. परतीच्या वाटेवर उतार लागला, पदर वाऱ्यावर फडफडू लागला.

“अत्ती, ब्रेक दाबा!” काव्या ओरडली.

“कशाला गं?” म्हणत अक्काने घंटी वाजवली आणि सुनेच्या पुढे निघून गेली.