दौलतभाऊंची गुलाबी भुकटी

एमरीच्या यंत्रावरून उठून पॉलिशच्या यंत्रावर बसण्याआधी दौलतभाऊ कोपरापर्यंत हात धुवायचे आणि सदरा बदलायचे. चंद्रपुरात त्यांच्या चष्म्याच्या दुकानामागे ही दोन्ही यंत्रे एकमेकांपासून चार पावलांवर होती. बी.एस्सी. करताना मी त्यांच्याकडेच भाड्याने राहत असे. एमरीची भरड पूड काचेला आकार देते. चमक आणते ती सिरियम ऑक्साइडची गुलाबीसर भुकटी. "इकडचा एक कण तिकडं गेला का काच गेली," ते म्हणायचे.

सिरियम हा दुर्मिळ मृदा धातू. त्याचे ऑक्साइड काच नुसते घासत नाही, पाण्याच्या साथीने काचेच्या वरच्या थराशी क्रिया करून तो थर उचलते, हे मी पुस्तकात वाचून त्यांना सांगितले. ते म्हणाले, "बरोबर लिवलं हाय. पाणी तुटलं का चमक येतच नाई." ती भुकटी पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते डब्यात तिचा गाळ बसू देत आणि पुन्हा वापरत.

शिबिरात आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. जाड भिंगाशिवाय तिला बांधावरून चालता येत नव्हते, आणि भाताची रोवणी चार दिवसांवर आली होती. चष्म्यासाठी ती गावाहून आली. दौलतभाऊ जेवायला गेले, तेवढ्यात बसल्या बसल्या तिच्या हाताला तो चिखलाने लडबडलेला डबा लागला. गाळ तिने वाटीत काढला, डबा वाळूने लख्ख घासला आणि गाळ परत भरून ठेवला. मी कॉलेजातून आलो तेव्हा, त्याच गाळाने पॉलिश केलेल्या तिच्याच भिंगावर बारीक रेघ उमटली होती.

दौलतभाऊंनी डब्यातला गाळ चिमटीत चोळला; वाळू करकरली. मी बोलणार, तोच त्यांनी मला डोळ्यांनी थांबवले.

"बाई, माया हातून रेघ पडली. सांजेपर्यंत थांबा."

नवी काच नागपुरातून यायला आठ दिवस लागले असते. त्यांनी सगळी भुकटी ओतून दिली, नवा डबा काढला, यंत्रावरची नमद्याची लोकरी गादी बदलली. रेघ खोल होती, म्हणून भिंग पुन्हा बारीक एमरीवर घेतले. मग हात धुतले, सदरा बदलला आणि पॉलिशला बसले.

चष्मा लावून आईने आधी स्वतःचे तळहात पाहिले, मग मोरीजवळ पडलेला जुना डबा. "म्या घासला म्हणून इतकं साफ दिसून राह्यलं," ती म्हणाली.

"हो बाई," दौलतभाऊ हात पुसत म्हणाले.

आई रोवणीला वेळेवर पोचली. नवा डबा मात्र त्या दिवसापासून फळीवर, उंच.

दौलतभाऊ वारले तेव्हा ती तोच चष्मा लावून आली होती. अंगणात बसलेल्या बायांना सांगत होती, भाऊंचा डबा एकदा मी घासून दिला होता.