थंडीची पँट

"ही पोरगी आपल्याकडची दिसते गं. विचारू का?"

माझ्या पाठीमागे कुणीतरी मराठीत बोललं तेव्हा मी स्टुलावर चढून वरच्या फळीवर टोप्या रचत होते. मी वळले नाही. ऐकूच आलं नाही असं दाखवलं. तिथून पुढे जे झालं ते मी माझ्या माणसांपैकी कुणालाच सांगितलेलं नाही. घरी आईला नाही, शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मला तुमच्या चेहऱ्याकडे बघावं लागणार नाही.

मी ड्रेस्डेनला मास्टर्स करते आणि शनिवारी एका दुकानात काम करते. शिकारीच्या कपड्यांच्या दुकानात. हसा खुशाल. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि मी लोकांना सांगते की रानडुकराच्या मागे जाताना कुठली पँट घाला. पण मला हे काम आवडतं. फार बोलावं लागत नाही. जे बोलायचं ते कापडाबद्दल, आणि तेही जर्मनमध्ये— चुकलं तरी परक्या मुलीचं म्हणून सोडून देतात.

मराठीत सोडत नाहीत. माझी शाळा इंग्रजी, घरातही निम्मं इंग्रजी. मराठी मला वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलताना जीभ जड होते. इथल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी दोन वाक्यं बोलले असेन-नसेन, एक काका म्हणाले, "पुण्याची ना तू? वाटत नाही हो!" सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून ट्राममध्ये मराठी ऐकू आलं की मी पुढच्या डब्यात जाते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. —की सबब म्हणूनच सांगते आहे? माहीत नाही.

तर त्या दोघी. केतकी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, इथल्या जंगलातल्या हरणांवर पीएचडी करणारी. आणि तिची आई, साताऱ्याहून लेकीकडे आलेली, दोन दिवसांनी परत निघणारी. हे सगळं मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून केतकी आईला म्हणाली, "मीरा आहे गं. जर्मन पोरींचंही असतं हे नाव." तरी राहवेना म्हणून काकूंनी मला इंग्रजीत विचारलंच, एकेक शब्द जुळवत— तू महाराष्ट्रातली का?

मी म्हणाले, नाही. मी इथेच जन्मले.

इतकं सहज खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. काकू ओशाळल्या. "असू दे गं, चेहरा अगदी आपल्या शेजारच्या वैशालीसारखा आहे," असं लेकीकडे बघून म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मी न कळल्यासारखं हसले.

आमच्या दुकानात एक रीत आहे. दुकान सांभाळणाऱ्या फ्राऊ लेनर्ट यांनी पहिल्याच दिवशी शिकवलेली. गिऱ्हाइकाला महिना विचारायचा नाही, थंडी किती असेल तेही विचारायचं नाही. आधी एकच विचारायचं— लाउफेन ओडर झित्सेन? हिंडणार की बसणार? कारण एकाच जानेवारीत, जनावरं उठवायला हाकारा घालत झुडपांतून हिंडणाऱ्याला घाम फुटतो, आणि मचाणावर हरणाची वाट बघत बसलेला गोठतो. हिंडणाऱ्याला काटे अडवणारी, पाणी न शिरणारी टणक पँट लागते, आत ऊब नसलेली. ती वाजली तरी चालते, हाकाऱ्यात आवाज हवाच असतो. बसणाऱ्याला जाड लोकरीची लागते, कमरेत मागून उंच, आत आणखी एक गरम पायजमा मावेल अशी सैल, आणि मुकी. जराही न वाजणारी. उन्हाळ्यात पातळ चालते, पण वीण घट्ट हवी, नाहीतर गोचिडी आणि डास आत. वर्षभर एकच पँट पुरत नाही. हे मला झोपेत विचारलंत तरी सांगेन.

त्या दिवशी मी विचारलं नाही.

केतकीने जर्मनमध्ये सांगितलं, जंगलातलं काम आहे, जास्त चालणंच असतं. आणि ती हाकाऱ्याची पँट घालून आली, गडद हिरवी, अंगावर छान बसणारी. इथपर्यंत चूक तिची असती. पण काकू मराठीत म्हणाल्या, "चालणं कसलं? तो फोटो दाखवलास ना— पहाटेपासून त्या मचाणावर एकटी बसतेस." केतकी म्हणाली, "आई, थोडाच वेळ गं. तू नको काळजी करू." तिला आईला घाबरवायचं नव्हतं, हेही मला कळलं. सगळं कळत होतं. काकूंनी कापड चिमटीत धरून घासलं. "ही तर पापडासारखी वाजते गं! हरणं थांबतील होय हिला बघायला?" केतकी हसत आरशासमोर वळली.

मी जर्मनमध्ये सहज विचारू शकले असते— बसणार का हो तुम्ही? त्यासाठी मराठी यावं लागत नव्हतं. मला वाटलं, विचारलं तर त्यांना कळेल की मी ऐकते आहे. चोराला असंच वाटत असेल, नाही?

केतकी पँट बदलायला आत गेली. काकू माझ्याजवळ आल्या. इंग्रजी संपलेलं असावं, किंवा त्यांना ते लागतच नसावं. फळीवरच्या तशाच दुसऱ्या पँटवर हात ठेवून, अंगावर काटा आल्याची खूण करून त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "बाळा, थंडीला पुरेल ना ही?"

आणि मी मान हलवली.

अनोळखी भाषा बोलणाऱ्या माणसासमोर आपण हसून हलवतो ना, तशी. म्हणजे त्यांनी विचारलं असतं की मला काही समजलं होतं का, तर मी नाही म्हणू शकले असते. पण त्यांनी ती मान 'हो' म्हणूनच घेतली. दुसरी कशी घेणार? त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरताना मी पाहिली. त्यांनी हट्टाने पैसे स्वतः दिले. जाताना माझ्या गालाला हात लावला.

मार्चमध्ये केतकी एकटी आली. कुबड्यांवर.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे ती मचाणावर बसली होती. पाय बधिर झाले. उतरताना शेवटच्या काही पायऱ्यांवर पाऊल कुठे पडलं ते तिला कळलंच नाही. घोटा मोडला. गस्तीवरच्या वनरक्षकाला सापडेपर्यंत ती बर्फात पडून होती. शस्त्रक्रिया झाली. हिवाळ्यातली हरणं मोजायची राहिली, ती आता पुढच्या हिवाळ्यात. वनरक्षकानेच तिला सांगितलं, पोरी, ही बसायची पँट नव्हे. "माझीच चूक," ती मला हसून जर्मनमध्ये म्हणाली. "तुम्हाला मी चालणं सांगितलं होतं." मी तिच्यासमोर लोकरीच्या पँटी काढून ठेवल्या.

तेवढ्यात तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. केतकीने मागच्या पँटी दाखवायला फोन फिरवला आणि त्यात मी आले.

"अगं, तीच ना ती वैशालीसारखी?" काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "तिला काही बोलू नकोस हं. तिला कुठे आपलं समजत होतं? मीच मेली खुणा करत बसले. मला आवाज आला होता त्या कापडाचा, तरी मीच घेतली. रोज आठवतं गं मला. माझ्याच हाताने दिली मी तुला ती."

केतकी म्हणत होती, आई, पुरे आता, रोज तेच. आणि काकू पदराने डोळे पुसत होत्या. मी तिथून मागच्या खोलीत जाऊ शकले असते. खोकी लावायची होती. गेले असते तर त्या जन्मभर तो दोष स्वतःकडे ठेवून बसल्या असत्या, आणि कुणाला काही कळलं नसतं.

मी फोनसमोर वाकले. जीभ जड झाली होती, शब्द मागेपुढे होत होते, पण आले.

"काकू, मी पुण्याची आहे. तुम्ही विचारलंत ते मला समजलं होतं. ती पँट थंडीची नव्हती, आणि ते मला माहीत होतं."