हिंदू कॉलनीतला बर्फ

मुंबईच्या थंडीबद्दल बोलायचं म्हणजे आधी लाज वाटते. पारा जरा खाली आला की आमच्या लालबागचे वॉचमन खोके जाळून शेकत बसतात, मासळीवाल्या मावश्या पदरावरून स्वेटर चढवतात, आणि जन्मभर पंख्याखाली उघड्या अंगाने झोपलेली माणसं माकडटोपी घालून दूध आणायला निघतात. याला आम्ही हिवाळा म्हणतो. पण सायकलवाल्याला विचाराल तर वर्षाचं सोनं म्हणजे हेच दिवस. उन्हाळ्यात सायकल चालवली तर घामाने ब्रेक हातातून सुटतात, पावसाळ्यात रस्ताच जागेवर नसतो. उरला हिवाळा. तेव्हा सकाळी भायखळ्याहून गिरगाव चौपाटीपर्यंत वारा असा लागतो की महापालिकेबद्दलसुद्धा क्षणभर प्रेम वाटतं.

आणि नेमक्या याच दिवसांत माझा मित्र घरात जाऊन बसला. का, तर म्हणे बाहेर बर्फ असतो.

हा मित्र दादरचा, हिंदू कॉलनीतला. आम्ही एकाच ऑफिसात टेबलाला टेबल लावून बसायचो, आता त्याचं ऑफिस वेगळं. त्याचे आजोबा कारकून, वडील हेडक्लार्क, हा अधिकारी. कागदाला टाचणी लावतानासुद्धा कोपऱ्यातच लागली पाहिजे, असलं घराणं. मी गिरणी कामगाराचा मुलगा. ज्या चाळीत जन्मलो तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आता लिफ्ट बंद पडायची वाट बघत राहतो. पण रविवारी पहाटे सायकलवर आम्ही दोघं सारखे. तो दादरहून खाली यायचा, मी परळच्या नाक्यावर थांबायचो, आणि मग गिरगाव, मरीन ड्राइव्ह, परतताना फणसवाडीच्या तोंडाशी पोहे. अशी वर्षं गेली. बायकांपेक्षा जास्त आम्ही एकमेकांच्या पाठी बघितल्या असतील.

यंदा ठरलं होतं की शिमग्याला माझ्या गावी, खाली कोकणात, सायकलने जायचं. पालखी दारात यायच्या आत आपण दारात. बेत त्याचाच. आमची आई ऐकून म्हणाली, "ह्या वयात खंय चललंस मेल्या, सायकल घेवन?" पण मनातून तिलाही गंमत वाटत होती. एकट्याने जायचं असतं तर मी कधीच गेलो असतो. माझे पाय काही मित्राच्या परवानगीवर चालत नाहीत. पण मला तो बरोबर हवा होता. शिमग्याला गावच्या अंगणात सायकली टेकवून दोघांनी घावणे खायचे, एवढं साधं मला हवं होतं, आणि त्यासाठी हिवाळाभर तयारी करायची होती.

श्रावणात तो परळला एकदा पडला. पाणी भरलेला खड्डा, चाक आत गेलं, आडवा झाला. मी बराच पुढे होतो. मागून ब्रेकचा आवाज आला, वळून परत येईपर्यंत हा उठून कपडे झटकत होता आणि मागे एक बस उभी होती. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. मी त्याला चहा पाजला, तोही हसला, घरी गेला. पावसात पडायचंच. मी स्वतः किती वेळा पडलोय, खड्डेसुद्धा मला नावाने ओळखत असतील. नंतर पाऊस वाढला म्हणून आम्ही बाहेर पडणं थांबवलं, ते दरवर्षीचंच.

दिवाळी झाली, रस्ते सुकले. मी फोन केला की रविवारी नाक्यावर ये. तर हा गंभीर आवाजात म्हणाला की त्याचं विंटर ट्रेनिंग सुरू झालंय. मला वाटलं ऑफिसचं काहीतरी असेल.

ऑफिसचं नव्हतं. महाशयांनी इंटरनेटवर एक कोच गाठला होता. हा कोच अशा देशात राहतो जिथे वर्षातले पाच महिने दार उघडलं की बर्फ आत येतो. व्हिडिओत त्याच्या मागे गॅरेजची खिडकी, खिडकीबाहेर पांढरंफटक, आणि हा लालबुंद गालांचा माणूस सांगतोय की मित्रांनो, हिवाळ्यात निराश होऊ नका. सायकल स्टँडवर घट्ट बसवा, घरात राहा, रोज थोडं थोडं चालवा, पाया पक्का करा. गेलातच बाहेर तर परत आल्यावर चेनवरचं मीठ धुऊन काढा, कारण तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात म्हणे. भिंतीवर उन्हाळ्यातल्या डोंगराचा फोटो लावा. धीर धरा, वसंत येणारच आहे. अरे, आमच्याकडे वसंत येतो म्हणजे घामोळं येतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हा. त्याच्या गावात त्याचं बरोबरच असेल, पण दादर पूर्वेला बसून त्याचं शब्दशः ऐकणाऱ्याला काय म्हणायचं?

आमच्याकडे परदेशातून आलेली गोष्ट तपासायची पद्धतच नाही. तिकडचा माणूस ओट्स खातो म्हणून इकडे पोह्यांना लाथ. तो हिवाळ्यात आत बसतो म्हणून आम्हीपण आत. शिवाजी पार्कला रविवारी सायकलवाल्यांचे जे थवे उतरतात, घट्ट कपड्यांत पोट कोंबून, अर्धा तास चालवून दीड तास कॉफी पिणारे, त्यांतलेही कितीतरी आता बेस, झोन, रिकव्हरी असलं बोलायला लागलेत. रिकव्हरी कसली, आधी काही केलंय का? पण त्या लोकांचं मला काही नाही. माझा माणूस तसा नव्हता. म्हणून जास्त राग आला.

मी रविवारी एकटाच जायला लागलो. घोडपदेवच्या बाजूने, डॉकच्या भिंतीकडेने, कुठेही. वारा तोच, रस्ता तोच, आणि मजा शून्य. मागे वळून कुणाला शिवी घालावी तर मागे कुणी नाही. घरी येऊन चिडचिड करायचो, तेव्हा आमची ही म्हणायची की भांडायचंच असेल तर दादरला जाऊन भांड, माझं डोकं खाऊ नकोस.

गेलो. डिसेंबरातला रविवार. जुन्या बिल्डिंगचा तिसरा मजला, काचा लावून बंद केलेली गॅलरी. त्यात सायकल लोखंडी स्टँडला जखडलेली, म्हैस गोठ्यात बांधतात तशी. खालच्यांना आवाज जाऊ नये म्हणून वहिनींनी खाली जुनी गोधडी घातलेली. समोर लॅपटॉप, त्यावर खोटा रस्ता, खोटे डोंगर, डोंगरांवर बर्फ. आणि हा माझा पन्नाशीतला मित्र घामाने निथळत, टेबलफॅनच्या वाऱ्यात, जागच्या जागी आल्प्स चढतोय. खिडक्या बंद. बाहेर असली सकाळ पडली होती की झाडांनासुद्धा कुठेतरी जावंसं वाटलं असतं.

मी दिवाणावर बसून गाजरहलवा खाल्ला आणि त्याला सोडला नाही. विचारलं की काल रात्री टिळक ब्रिजवर किती फूट पडला? बेस्टवाले फावडी घेऊन निघाले का? चेनवरचं मीठ धुतलंस की वरणात घातलंस? काखेत कळसा नि गावाला वळसा, हे ऐकलं होतं, पण कळसा काखेत घेऊन घरातल्या घरात पळणारा पहिल्यांदा बघितला. तो हसत होता, पण पाय थांबवत नव्हता. म्हणाला की हवा किती खराब आहे बघ, बांधकामांची धूळ, आकडा बघितलास का आजचा. मी म्हटलं, माझ्या बापाने आयुष्यभर कापसाची धूळ छातीत भरली, तू मला आकडे सांगतोस? म्हणाला, मार्चपर्यंत पाया पक्का होईल. मी म्हटलं, पाया कसला, तू तर बिल्डिंगसकट इथेच बसणार. शिमग्याचं काय? तर म्हणाला, शिमग्याचं राहू दे रे यंदा.

ते मला लागलं. मी ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेलो. वहिनी ओट्याशी होत्या. एरवी माझ्या टोमण्यांना त्यांची साथ असते. नवऱ्याच्या टापटिपीवर त्यांनी मला किती किस्से पुरवलेत. पण त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. नळ बंद करून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना जास्त चिडवू नका. कोपऱ्यावरून भाजी आणायलासुद्धा सायकल काढत नाहीत ते. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात."

मी म्हटलं वय झालं आमचं, आणि निघालो. डोक्यात काही शिरलं नाही. राग डोक्यात असला की दुसऱ्या कशाला जागा राहत नाही.

संक्रांतीला मी ठरवून त्याच्या बिल्डिंगखाली सायकल घेऊन उभा राहिलो आणि घंटी वाजवत राहिलो. एक बाई गॅलरीत आल्या, दुसऱ्या आल्या, एक आजोबा ओरडले. लाजेकाजेस्तव का होईना, तो उतरला. हेल्मेट, हातमोजे, सगळं व्यवस्थित. खांद्यावर सायकल. मला आनंद झाला, लपवायचा कशाला. मी गेटाबाहेर जाऊन पेडलवर पाय ठेवला.

तो गेटात थांबला. कोपऱ्यावरून बस वळली आणि आमच्या समोरून गेली, रिकामी, अगदी सावकाश. त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि वाकून ब्रेक बघायला लागला. पुढचा दाबला, मागचा दाबला, परत पुढचा. मी म्हटलं, काय रे, बर्फ अडकलाय का? तो उठला नाही. वाकूनच त्याने मागचा ब्रेक परत दाबला.

"श्रावणात पडलो ना," तो खाली बघूनच म्हणाला, "बसचं चाक इथं थांबलं होतं." आणि त्याने तळहात कानाजवळ नेला. कान आणि तळहात यांच्यामध्ये एखादी वही मावली असती, जास्त नाही. "रबराचा वास येत होता. ड्रायव्हर उतरून मला शिव्या देत होता आणि मी त्याला सॉरी सॉरी म्हणत होतो. मग तू वळून आलास आणि चहाला चल म्हणालास."

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललास. म्हणाला, तू हसत होतास, मग मीही हसलो. घरी आल्यावर सायकलला हात लावायची हिंमतच होईना. पावसाळा होता म्हणून निभावलं, कुणी विचारलं नाही. पावसाळा संपला तशी त्याला धडकी भरली की आता काय सांगायचं. आणि मग तो बर्फातला माणूस सापडला, जो रोज सकाळी सांगतो की बाहेर जाऊ नका, त्यात काही लाज नाही.

मला संताप आला. त्याच्यावर नाही. त्याच्यावर थोडा आलाच, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी खोटं हसला म्हणून. पण जास्त त्या खड्ड्यावर, त्या ड्रायव्हरवर, पडलेल्या माणसाला सॉरी म्हणायला लावणाऱ्या या शहरावर. यांतल्या एकालाही हात लावायची माझी ताकद नाही, म्हणून नुसता उभा राहिलो. त्या गॅरेजमधल्या लाल गालांच्या माणसाबद्दल मात्र जे काही बोललो होतो ते तसंच राहू दे. तो मूर्खच आहे, पण माझ्या माणसाला हिवाळाभर त्याने पेडल मारत ठेवलं, मी नाही.

मी पेडलवरचा पाय काढला. म्हटलं, चल, चालत जाऊ. तो म्हणाला, सायकली? मी म्हटलं, हातात धरून. त्यांनाही जरा हवा लागू दे.

मग निघालो. मी रस्त्याच्या बाजूने, तो आतल्या बाजूने. दोन पन्नाशीतली माणसं, डोक्यावर हेल्मेट, हातात चकाचक सायकली, आणि चालतायत. दादरचा फुटपाथ म्हणजे फुटपाथ सोडून सगळं असतं, त्यामुळे फेरीवाल्यांच्या कडेकडेने, वाणाच्या वाट्या आणि तिळगुळाच्या पुड्या चुकवत. बस आली की तो थांबायचा, मीही थांबायचो. गेली की चालायचं. घट्ट कपड्यांतला एक थवा शेजारून गेला, त्यातल्या एकाने वळून अंगठा दाखवला, कशाबद्दल कुणास ठाऊक. एका ओळखीच्या काकांनी विचारलंच, पंक्चर का? मित्र कानापर्यंत लाल झाला. मी नुसती मान हलवली.

पुढे झाडाखाली हवा भरणारा बसलेला. त्याने लांबूनच आम्हाला हेरलं आणि टायर ठेवायची जागा केली.

"आओ सेठ. पंक्चर?"

"हां," मी म्हटलं. "दोनों का."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. "दोनों का? एक साथ?"

मी काहीतरी फेकणार होतो, तेवढ्यात माझा मित्र बोलला.

"एक साथ ही होगा ना," तो म्हणाला. "साथ में चलाते हैं."