कारखान्याची वाट पाहणारे मामाजी

ड्रिलवाले मामाजी कोणतीही वस्तू हातात आली की आधी उलटी करत आणि ती कुठल्या देशात बनली ते वाचत. माझ्या लग्नात आहेर म्हणून आलेला मिक्सर त्यांनी भर मांडवात पालथा घातला होता. चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत त्यांनी उभा जन्म दगडाला भोकं पाडली. खाणीच्या वसाहतीत ते आमचे शेजारी.

जगाचा भूगोल ते ड्रिल मशीनवरून शिकले होते. "मी लागलो तवा मशीन इंग्लंडची होती. मंग जपानची आली. रिटायर झालो तवा चीनची," ते सांगत. "मजूर महाग झाला का कारखाना तिथून पळते. आता आपल्याकडंच येईन. गोटा बी आपला, अन् आपल्याहून स्वस्त मानूस कुठं भेटन?" हे ते अभिमानानं सांगत.

याच भरवशावर त्यांनी आयटीआय झालेल्या मुलाला, विलासला, घरी थांबवून ठेवलं. नाकाडोंगरीच्या रस्त्याला एका पुढाऱ्यानं पोलाद कारखान्याची कोनशिला बसवली, तेव्हा मामाजींनी आळीला जेवण घातलं आणि उन्हात अक्षरं उडू नयेत म्हणून कोनशिलेवर ताडपत्री टाकून आले. कारखाना आला नाही. ताडपत्री तेवढी कोणीतरी नेली.

पुढच्या निवडणुकीत तोच पुढारी सभेला आला. मामाजी उभे राहिले. "साहेब, कारखाना कुठं अडकला?"

"कंपनीवाल्यांशी बोलणी सुरू आहेत."

"मंग त्याइले सांगा, आमी मजुरी अजून कमी घेतो."

सभा हसली. मामाजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विलासला म्हणाले, "कारखाना काई येऊन नाई राहिला. तूच जाय."

विलासला पुण्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटी काम मिळालं. तुमसरला त्याला सोडायला मीही गेलो होतो. सामान चढवून मामाजी बसच्या खिडकीशी आले. "तिथं पगार वाढवून मागू नको. नाई तं तो कारखाना बी पळन." टोमणा असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

गेल्या वर्षी मामाजी वारले. तेरवी आटोपून विलास परत निघाला, तेव्हा मी विचारलं, "तुले परमनंट केलं का?"

"नाई."

"पगार तरी वाढला?"

तो बॅगेची चेन ओढत होता. "बाबा होते तवर मागितला नाई, भाऊ," तो म्हणाला. "आता मागून पाहतो."