पातळ लेप

नमस्कार करण्याआधी आमचे चष्मेवाले कंपाउंडरकाका औषधाची पुडी कानाशी धरून हलवत. कोरडी पूड सळसळते, ओल धरलेली गप्प बसते. "ही आज बोलून नाई राह्यली," असं म्हणून ते ती बाजूला टाकत. असे कंपाउंडर तुम्हीही पाहिले असतील.

वर्धा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. हिंगणघाटच्या दवाखान्यात मी नोंदी ठेवायची, इंग्रजीत, मान खाली घालून. क्षयाच्या रोग्यांना महिन्याची पूड एकदम देत. पावसाळ्यात ती ओली होऊन तपकिरी पडे. मग फेकावी लागे, औषधात खंड पडे आणि दुखणं उलटे.

काकांनी प्लास्टिकच्या कागदाच्या पिशव्या आणवल्या. तेव्हा ते नवीनच होतं. पण ओल त्यातूनही आत जाई, म्हणून वरून लेप हवा. काहींवर मेण, काहींवर लाख, काहींवर एरंडेल घातलेली लाख लावली. आत मीठ भरून पिशव्या पाण्याच्या रांजणावर टांगल्या. रोज सकाळी त्या काट्यावर चढत. ओल शिरली की वजन वाढे.

जाड मेणाच्या पिशवीचं वजन सगळ्यांत कमी वाढलं; मेण पहिलं आलं. काकांनी तसल्याच पिशवीतून वडनेरच्या एका बाईंना पूड दिली. त्यांनी पिशवीची चौपदरी घडी घातली आणि पदराला गच्च गाठ मारली.

दोन महिन्यांत मी काकांशी 'हो'पलीकडे बोलले नव्हते.

"काका, त्या घडी करतात."

"कोण?"

"सगळ्याच."

काकांनी गाठ सोडायला लावली. घडीवर मेण तडकलं होतं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन महिने आपण पुड्या टांगून राह्यलो, बाई. घरी टांगते कोण?"

मग सगळ्या पिशव्या घड्या घालून जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधल्या. एक गाठ काका स्वतःच्या खांद्यावर वागवत. शिपाई म्हणाला, "काका, चोळी कवा शिवता?"

"माप घेऊन ठेव," काका म्हणाले.

मेण भुगा झालं. नुसती लाख तडकली. एरंडेलाच्या लाखेचे दोन अगदी पातळ हात तेवढे टिकले. "लाख म्हंजे तहसीलदार. चमकते लय, वाकत नाई. एरंडेल पाजलं की वाकते," काका म्हणाले.

पाऊस तोंडावर असताना त्यांची कारंज्याला बदली झाली. लेप लावायचं काम माझ्याकडे आलं.

भाद्रपदात वडनेरच्या बाई आल्या. "चष्मेवाले बाबू कुठी गेले?" त्यांनी विचारलं. मग रिकामी पिशवी खिडकीत ठेवली. "सारी खाल्ली, पोरी. चिमूटभर नाई फेकली. पुढची दे."

त्याच दुपारी मी काकांना कारंज्याला कार्ड टाकलं. दोन ओळी, मराठीत: वडनेरच्या बाई येऊन गेल्या. पुढच्या महिन्याची पूड घेऊन गेल्या.